कंदील जळत होता

यादोराव मिस्त्री मरावा, आणि त्याच विहिरीत मरावा, असं चंद्रभागाबाईनं मनाशी ठरवलं त्याला अकरा महिने होऊन गेले होते. एवढ्या दिवसांत तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाजारात मिस्त्री समोर आला की पदर सावरून विचारायची, काय जी मिस्त्री, बरं आहे ना? तोही फटफटीवरूनच मान हलवायचा आणि निघून जायचा. मेल्याला वाटायचं, बुढी विसरली. पोटचा पोरगा गळ टाकून विहिरीतून वर ओढलेला जिनं पाहिला, ती विसरेल? पण असल्या माणसांना तसं वाटतं खरं.

हा यादोराव कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. सिहोऱ्याच्या बाजारात त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या दहा-बारा गावांत कोणाचा पंप अडला की यादोरावला बोलावणं जायचं, आणि तोही पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून नवरदेवाच्या थाटात यायचा. चौऱ्याऐंशी सालाच्या आगेमागे त्या भागात रॉकेलवर चालणारे हलके पंप आले, दोन माणसांनी उचलून न्यावेत असे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं की काठावरचा पंप काही ते ओढू शकत नाही, आणि इकडे उन्हाळी धान उभं वाळायला लागतं. तेव्हा यादोरावनंच अक्कल काढली. पंपच दोरानं विहिरीत उतरवायचा, खालच्या दगडी टप्प्यावर बसवायचा आणि तिथून पाणी वर फेकायचं. झालं, धान हिरवं राहिलं आणि मिस्त्री गावोगाव देवमाणूस ठरला.

धूर वर काढायला पंपाला लांब पाइप जोडावा, असं कोणी कोणी म्हणून पाहिलं. पाइपानं पंपाचा दम कोंडतो, असं सांगून मिस्त्री ते उडवून लावायचा. विहीर चांगली की वाईट ते कंदील सांगतो, हे यादोरावचं ठरलेलं उत्तर. विहीर खोदणाऱ्या लोकांचा तो जुना रिवाज आहे, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला तर खाली दम घ्यायला हवा नाही, उतरू नका. जळत राहिला तर उतरा. बापजाद्यांपासून चालत आलेली गोष्ट, तिच्यावर शंका कोण घेणार?

मागच्या वैशाखात चंद्रभागाबाईचा जागेश्वर असाच उतरला. पंप सकाळपासून चालला आणि मग बंद पडला. यादोराव आला, काठावर उकिडवा बसला, कंदील सोडला. कंदील छान जळत होता. मग मिस्त्रीनं वरूनच हुकूम सोडला की उतर, प्लग काढून पूस, दोरी ओढ, चालू होईल. जागेश्वर उतरला. पंप चालू झाला, पाणी वर आलं. खालून त्यानं 'झालं जी' म्हटलेलं चंद्रभागाबाईनं आपल्या कानांनी ऐकलं. थोडा वेळ तो टप्प्यावर बसून राहिला, मग भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून चढायला लागला. अर्ध्या वाटेवर त्याचे हात सुटले. ओरडला नाही, कोणाला हाक मारली नाही, सरळ पाण्यात गेला. शेजारच्या बांधीतला, म्हणजे लागूनच्या भातखाचरातला, नत्थू गळ घेऊन धावत आला आणि त्यानं जागेश्वरला वर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

लोक जमले. जागेश्वरचे ओठ लाल, नखं लाल, गालांवर तेज, जसा काही झोपलेला आहे. बुडालेला माणूस असा दिसत नाही हे सगळ्यांनाच कळत होतं, पण का ते कोणाला कळेना. तेव्हा यादोराव गावच्या गोमाजी पाटलाच्या कानाशी लागला, आणि चार माणसांना ऐकू जाईल इतक्या हळू बोलला. तोंड पाहा कसं लाल झालं, म्हणाला. मोहाची मारून उतरला होता, मले वास आला. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं आणि गावाच्या तोंडीही तेच बसलं.

जागेश्वरनं जन्मात मोहाच्या दारूला बोट लावलं नव्हतं. बाप दारूनं गेला म्हणून त्यानं मिसरूड फुटायच्या आधीच शपथ घेतली होती. पण लोकांनी उलटंच धरलं. पोरगा अखेर बापाच्याच वळणावर गेला, म्हणाले. जागेश्वरच्या बायकोचा, रुखमिणीचा, भाऊ तर भर अंगणात बोलून गेला की आधी कळलं असतं तर आम्ही पोरगी दिली नसती. रुखमिणी खाली मान घालून ऐकत राहिली. चंद्रभागाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पुरावा काय देणार? आईच्या शब्दाला कोण विचारतो?

तेरवीला तिचा भाचा इश्वर आला. इश्वर चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करायचा. त्यानं मेलेल्या भावाचे ओठ आणि नखं कशी होती ते तीन-तीनदा विचारलं, कंदील विझला होता का तेही विचारलं.

"आत्या, जागेश्वर पिलेला नव्हता," तो म्हणाला. "त्याले गॅसनं मारलं."

खाणीत बार उडाला की तास-तासभर कोणाला आत जाऊ देत नाहीत, ते याच गॅसपायी, असं त्यानं समजावून सांगितलं. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. कोंडलेल्या जागेत इंजिन चाललं की हा साचतो. रक्तात शिरतो आणि माणसाला लाल करतो. माणसाला वाटतं, जरा गरगरलं, जरा झोप आली, आणि हातापायांतलं बळ जातं. आणि कंदील? कंदील या गॅसमध्ये खुशाल जळत राहतो. खाली हवाच नसेल तर कंदील सांगेल, पण हा गॅस त्याला ओळखूच येत नाही. चंद्रभागाबाईनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. तिच्या जिभेवर 'कारबन' एवढंच राहिलं.

इश्वर तिला घेऊन गोमाजी पाटलाकडे गेला. पाटील तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं यादोरावलाही बोलावून घेतलं. मिस्त्रीनं सगळं ऐकलं आणि ओसरीवरच्या लोकांकडे वळून विचारलं, वास नाही, रंग नाही, कंदीलही विझत नाही, मग हा गॅस आहे का भूत आहे? ओसरी खदखदून हसली. पाटीलही हसला. पोराला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि चंद्रभागाबाई त्या हसणाऱ्या लोकांमधून चालत बाहेर आली. यादोराव मिस्त्री मरावा, हे तिनं ठरवलं ते त्याच दिवशी.

पुढे कधीतरी इश्वर भेटीला आला तेव्हा तिनं भोळ्या चेहऱ्यानं विचारलं की पंप बंद केल्यावर तो कारबन विहिरीत किती वेळ राहतो. वारा नसला तर अर्धा दिवसही राहतो, त्यानं सांगितलं. बिचाऱ्यानं बाकीचंही जीव तोडून सांगितलं. पंप होता होईल तो काठावरच ठेवावा; खाली न्यायचाच तर धुराचा पाइप पार वरपर्यंत काढावा; पंप चालला की त्या दिवशी विहिरीत उतरूच नये; दुसऱ्या दिवशीही आधी पळसाची मोठी फांदी दोराला बांधून खूप वेळ वरखाली करावी, म्हणजे हवा पालटते; उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं पाहिजेतच; आणि कोणी खाली पडला तर त्याच्यामागं उडी घेऊ नये. आत्यानं सगळ्याला हो हो म्हटलं. मनात ठेवलं ते फक्त अर्ध्या दिवसाचं.

चैत्र सरत आला तेव्हा तिनं डाव मांडला. रुखमिणीला तुमसरला मावसबहिणीकडे पाठवलं. गावातली दोन माणसं बोलावून पंप खाली टप्प्यावर ठेवून घेतला आणि त्यांना वाटेला लावलं. मग पन्नाशी उलटलेली ही बाई लुगड्याचा काष्टा मारून स्वतः विहिरीत उतरली, आणि पाणी ओढणाऱ्या नळीचा पट्टा ढिला करून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरली. टाकीत तासभर पुरेल एवढंच रॉकेल ओतलं, जागेश्वर ओढायचा तशी दोरी ओढली, आणि पंप भडभडायला लागला तशी मागं न पाहता वर आली. तास-दीड तासानं रॉकेल संपलं आणि पंप आपोआप थांबला. वारा अजिबात नव्हता. विहिरीत पाहावं तर काहीच दिसत नव्हतं.

आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, त्याप्रमाणे यादोराव नऊच्या सुमाराला आला. पंप पाणी घेत नाही, तिनं सांगितलं. सहज आहे, काकू, आता करतो, म्हणाला तो. काठावर बसला, कंदील पेटवला, दोरानं खाली सोडला. कंदील टप्प्यापर्यंत गेला तरी ज्योत हलली नाही. चंद्रभागाबाई त्या ज्योतीकडे पाहत उभी होती. आता हा पिशवी खाली ठेवील, आता पाय कडीवर ठेवील.

नेमका तेवढ्यात नत्थू आला. गावाकडची रीतच आहे, पंप उघडायचा म्हटला की बाजूच्या बांधीतला माणूस पाहायला येणारच. तिनं त्याला परतवायला दोन-तीन कामं सांगून पाहिली, पण तो बिडी ओढत उभाच राहिला.

"नत्थू, जरा उतर बरं," यादोराव म्हणाला. "नळीचा पट्टा ढिला असंल. कसून ये."

मिस्त्री तुमीच उतरा, हे तुमचं काम, चंद्रभागाबाई घाईनं म्हणाली. गुडघा धरला आहे, म्हणाला मिस्त्री. आणि मग तिच्या ध्यानात आलं ते आजवर आलं नव्हतं. हा माणूस उतरत नाही. जागेश्वरच्या वेळीही उतरला नव्हता. वरून सांगणार हा, आणि उतरणार मालक, सालदार नाहीतर शेजारी. अकरा महिने तिनं सगळा हिशोब केला आणि एवढी साधी गोष्ट तिला दिसली नाही!

नत्थूनं बिडी विझवली, धोतर खोचलं आणि पहिल्या कडीवर पाय ठेवला. आता खरं सांगायचं तर तिनं तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं. ती ओरडली नाही. तिच्या मनात विचार आला की नत्थू खाली कोसळला तर याला उतरावंच लागेल, माणूस बुडताना पाहून काठावर कसा बसेल? तो विचार तिच्याच मनात आला, दुसऱ्या कोणाच्या नाही. नत्थू दुसरी कडी उतरला, मग तिसरी. मग त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, काकू, पान्याची पिशवी दे. त्याच्या घरी दोन पोरी होत्या, धाकटी अजून दुडदुडत चालायची. चंद्रभागाबाईनं वाकून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

"वर ये. नत्थू, वर ये. विहिरीत मौत आहे, मीच भरून ठेवली आहे."

नत्थू कसाबसा वर आला आणि मातीत बसला. तिनं सगळं सांगून टाकलं, रॉकेल किती ओतलं, पट्टा कोणी ढिला केला, कोणासाठी केला. लपवायचं काय आता? नत्थूच्या ओरडण्यानं आजूबाजूच्या बांध्यांतली माणसं जमा झाली, आणि कोणीतरी धावत जाऊन गोमाजी पाटलाला घेऊन आलं. यादोराव पिशवी आवरायला लागला. ही बाई पागल झाली आहे, पोराच्या दुःखानं डोकं फिरलं आहे, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

"पागल तं पागल," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं. "पण कंदील पाह. जळून राहिला ना? तुहा कंदील खोटं बोलत नाही ना? मंग उतर."

सगळ्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. कंदील जळत होता. पाटलानं यादोरावकडे पाहिलं. गॅस नाही तं उतरायला काय हरकत आहे मिस्त्री, तो सावकाश म्हणाला. यादोराव काठाशी गेला. कडीवर एक पाय ठेवला. मग काढून घेतला. गुडघ्याचं दुखणं पार विसरून तो नीट मागं सरकला होता. कोणीतरी विचारलं की पंप चाललेल्या विहिरीत मिस्त्रीला उतरलेलं कोणी पाहिलं आहे का. कोणीही पाहिलं नव्हतं.

"उतर," चंद्रभागाबाई म्हणाली. "नाहीतर तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. हळूहळू सांगितलं, पण सांगितलं. जागेश्वर गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, पवनीकडच्या एका विहिरीत तो स्वतः उतरला होता. कंदील जळत होता. खाली गेल्यावर डोकं दुखायला लागलं, पाय लटपटले, आणि कमरेला दोर होता म्हणून लोकांनी त्याला ओढून काढलं. दोन दिवस उलट्या झाल्या. खाली काय होतं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी होतं आणि ते कंदिलाला दिसत नव्हतं, एवढं त्याला पक्कं कळलं. त्या दिवसापासून तो उतरला नाही. लोकांना का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर पंप विहिरीत कोणी बसवला असता? मिस्त्रीला डोक्यावर कोणी घेतलं असतं?

"आणि दारूचा वास?" पाटलानं विचारलं.

"नव्हता आला," यादोराव म्हणाला.

नत्थूच पहिल्यांदा उठला, हातात काठी घेऊन. बाकीचेही पुढं सरकले. त्या घडीला चंद्रभागाबाई नुसती बाजूला झाली असती तरी मिस्त्रीचं हाडन् हाड मोकळं झालं असतं. ती मधे उभी राहिली. कोणाला वाटलं, बाईला दया आली. दया कसली डोंबलाची! मार खाल्लेला माणूस आठ दिवसांत बरा होतो, आणि वर लोकांना पाठीवरचे वळ दाखवून रडतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिनं त्याला विचारलं की ही विहीर सोडून विहिरीच्या पोटात पंप किती ठिकाणी बसवले. त्यानं बोटं मोजली. तेवीस, म्हणाला. मग चाल, ती म्हणाली. फटफटी राहू दे इथंच, पायी चाल. तेवीसच्या तेवीस विहिरींवर जायचं. प्रत्येक ठिकाणी माणसं गोळा करायची, पंप वर काढायला लावायचा, आणि इश्वरनं सांगितलेलं सगळं सांगायचं, पाइपाचं, फांदीचं, दोराचं, पडलेल्याच्या मागं उडी न घेण्याचं. आणि त्याच्याही आधी, सगळ्यांत पहिल्यांदा, आपण काय केलं ते सांगायचं. पाटील म्हणाला, मीही येतो. नत्थूही निघाला.

पहिली विहीर श्रावणची होती, कोसभर अंतरावर. श्रावणच्या घरची आठ-दहा माणसं जमली. यादोराव पुटपुटला. ऐकू नाही आलं, चंद्रभागाबाई म्हणाली, मोठ्यानं. नाव घेऊन.

"जागेश्वर पिलेला नव्हता," यादोराव म्हणाला. "मले मालूम होतं विहिरीत काय आहे. मी त्याले उतरवलं. मंग त्याच्यावर दारूचं नाव लावलं."

ती उभी राहून ऐकत होती. अकरा महिने हेच शब्द तिला हवे होते, आणि ऐकून तिचं पोट भरलं नाही. दुसऱ्या विहिरीवर तिनं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. तिथल्या मालकाची म्हातारी मिस्त्रीच्या तोंडावर थुंकली. चंद्रभागाबाईनं तिला अडवलं नाही, आणि यादोरावला तोंडही पुसू दिलं नाही.

तिथून निघाल्यावर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना नत्थू मागून येऊन तिच्या बरोबरीनं चालायला लागला. ऊन टळटळीत झालं होतं.

"काकू," तो म्हणाला, "मी तीन कड्या उतरलो. तू तिथंच उभी होती. तू चूप काहून होती?"

जीभ टाळ्याला चिकटली होती, असं तिला सांगता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं, भला माणूस होता. पण दोन विहिरींवर ती दुसऱ्याकडून खरं वदवून आली होती, आता खोटं तोंडातून निघेना.

"तू पडशीन तं मिस्त्रीले उतरा लागन, असं मले वाटलं," ती म्हणाली.

नत्थू थांबला. त्यानं तिला शिव्या दिल्या नाहीत. फक्त धुऱ्यावरून उतरला आणि बांधीतल्या बांधीतून वेगळा चालायला लागला. ज्यानं तिच्या पोराला विहिरीतून काढलं होतं आणि खांदा दिला होता, तो माणूस आता तिच्या सावलीतही चालत नव्हता. तिला वाटलं होतं, या दिवशी फक्त यादोरावचं तोंड काळं होईल.

तिसऱ्या विहिरीवर बरीच गर्दी होती. बातमी पुढं पोचली होती. यादोरावनं आपलं सांगितलं, आता न अडखळता. लोक त्याच्या अंगावर ओरडायला लागले. चंद्रभागाबाईनं हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "माहं राहिलं."

नत्थू लांब कडुलिंबाखाली उभा होता, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बोलली. मी चंद्रभागा, जागेश्वरची माय. मिस्त्रीले मारासाठी मी विहिरीत गॅस भरला, आणि मले मालूम असून नत्थूले तीन कड्या उतरू देल्ल्या. मधे न थांबता तिनं सगळं पुरं सांगितलं. नत्थू जागचा हलला नाही.

यादोराव तिच्याकडे पाहत होता. आता तरी ही आपल्याला सोडेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चंद्रभागाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"चाल," ती त्याला म्हणाली. "अजून वीस आहेत. दोघंही सांगू."